बालेकिल्ला नावाचा गैरसमज

ऑस्ट्रेलियातल्या निवडणुकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "चुरस काय ती शहरात. खेड्यापाड्यांतली मतं नॅशनल्स पक्षाची ठरलेली. दगडाला शेंदूर फासून उभा केला तरी निवडून येईल." सिडनीत वीस-वीस वर्षं काढलेली आपली माणसं हे म्हणतात, आणि तिकडे कधी न गेलेलेही तितक्याच खात्रीने म्हणतात. मला या वाक्याची चीड येते. त्यात माहिती चुकीची आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे शेतावर राहणारा माणूस मत देताना विचार करत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

म्हणून एकच मतदारसंघ घेऊ आणि त्याचा इतिहास नीट पाहू. न्यू साउथ वेल्स राज्याच्या विधानसभेतला ऑरेंज. सिडनीहून पश्चिमेला ब्लू माउंटन्सचे डोंगर ओलांडून अडीचशे किलोमीटर गेलं की हे शहर लागतं. सफरचंदं, चेरी, द्राक्षमळे, जवळच कॅडियाची सोन्याची खाण. मतदारसंघात ऑरेंजबरोबर कॅबॉन, पार्क्स आणि फोर्ब्स हा गहू-मेंढ्यांचा मुलूखही येतो. पार्क्स म्हणजे माणसाच्या पहिल्या चांद्रभेटीची दृश्यं जगभर पोचवण्यात ज्या रेडिओ दुर्बिणीचा वाटा होता, ते पार्क्स.

"ठरलेली मतं" म्हणणाऱ्यांच्या बाजूने जे आहे ते आधी मान्य करतो. १९४७ मध्ये चार्ल्स कटलर हे कंट्री पार्टीचे उमेदवार इथून निवडून आले. याच पक्षाचं नाव पुढे बदलत बदलत नॅशनल्स झालं. कटलर १९७५ पर्यंत आमदार राहिले आणि राज्याचे उपप्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत उपमुख्यमंत्रीही झाले. त्यांच्यानंतर गॅरी वेस्ट, मग रसेल टर्नर, मग अँड्र्यू गी. एकोणसत्तर वर्षांत चार आमदार आणि चौघंही एकाच पक्षाचे. २०१५ मध्ये गी यांना पहिल्या पसंतीची सुमारे ६५ टक्के मतं मिळाली. निवडणूक अभ्यासकांच्या तक्त्यात ऑरेंजचं 'मार्जिन' सुमारे २२ टक्के दाखवलं होतं. तिथे दहा टक्क्यांच्या वर गेलं की मतदारसंघ 'सुरक्षित' धरतात. बावीस म्हणजे अभेद्यच म्हणायचं.

पण हा आकडा कसा काढतात ते पाहा, कारण सगळा गैरसमज तिथेच जन्माला येतो. मतमोजणीत शेवटी दोन उमेदवार उरतात. विजेत्याच्या टक्क्यांतून पन्नास वजा केले की मार्जिन मिळतं. ऑरेंजमध्ये २०१५ ला शेवटी उरलेले दोन उमेदवार होते नॅशनल्स आणि मजूर पक्षाचे, म्हणजे लेबरचे. त्यामुळे बावीस टक्के हा आकडा फक्त एवढंच सांगतो की या दोघांत लोकांना नॅशनल्स बरे वाटले. लोकांचं नॅशनल्सवर प्रेम आहे, हे तो सांगत नाही. तिसरा, पसंत पडण्यासारखा माणूस उभा राहिला तर काय होईल, हेही तो सांगत नाही. बालेकिल्ला बालेकिल्ला म्हणतात तो बहुतेक वेळा समोरच्याच्या कमकुवतपणाचा आकडा असतो.

आणि तिसरा माणूस उभा राहिला.

२०१६ मध्ये गी केंद्रातल्या कॅलेअर मतदारसंघातून लढायला गेले आणि ऑरेंजची जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक १२ नोव्हेंबरला झाली. त्याआधीच्या काही महिन्यांत राज्य सरकारने दोन निर्णय ग्रामीण भागाच्या अंगावर घातले होते. पहिला नगरपालिका आणि शायर, म्हणजे ग्रामीण, कौन्सिलांच्या सक्तीच्या एकत्रीकरणाचा. त्यात ऑरेंज, कॅबॉन आणि ब्लेनी यांची मोट बांधायचा प्रस्ताव होता. आपल्याकडे कोणी तीन तालुक्यांची कचेरी एका गावात नेतो म्हटलं तर काय होईल, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. रस्त्यावरचा खड्डा बुजवायला कोणाच्या दारात जायचं, हा प्रश्न दोन्ही देशांत सारखाच असतो. दुसरा निर्णय ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींवर सरसकट बंदीचा. जिवंत प्राण्यांना आमिष म्हणून वापरण्याचे प्रकार उघड झाल्यावर न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांचा चौकशी आयोग नेमला होता. त्याचा अहवाल भयंकर होता, हे मी लपवणार नाही. बंदीला नैतिक आधार होता. पण ज्या गावांत या शर्यती हा घराघरांतला छंद आणि काहींची रोजी होती, तिथल्या लोकांना विश्वासात न घेता जुलैमध्ये बंदी जाहीर झाली, आणि ऑक्टोबरमध्ये, मतदानाला महिना उरला असताना, प्रीमियर माइक बेअर्ड यांनी ती मागे घेतली. दोन्ही बाजूंचे लोक दुखावले गेले. नॅशनल्स या सरकारात भागीदार होते. त्यामुळे राग त्यांच्यावरच निघाला.

निकाल असा लागला. नॅशनल्सचे स्कॉट बॅरेट यांना पहिल्या पसंतीची सुमारे ३१ टक्के मतं पडली. दीड वर्षापूर्वीच्या पासष्टवरून एकतीस. शूटर्स, फिशर्स अँड फार्मर्स पक्षाचे फिलिप डोनॅटो २४ टक्क्यांच्या आसपास होते. ते पूर्वी पोलीस खात्यात सरकारी पक्षाच्या बाजूने खटले चालवत. पसंतीक्रमाची मोजणी पूर्ण झाल्यावर आणि नंतर फेरमोजणी झाल्यावर डोनॅटो ५० मतांनी विजयी झाले. निकाल अधिकृत व्हायच्या आधीच उपप्रीमियर ट्रॉय ग्रँट यांनी नॅशनल्सचं नेतेपद सोडलं होतं. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला बेअर्डही गेले, आणि नव्या प्रीमियर ग्लॅडिस बेरेजिक्लियन यांनी ऑरेंजच्या कौन्सिलांचं एकत्रीकरण सोडून दिलं.

इथे दुसरा आक्षेप येतो: "एकतीसवाला हरला आणि चोविसवाला जिंकला, ही कसली लोकशाही?" महाराष्ट्रातल्या वाचकाने तरी हा प्रश्न विचारू नये. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत नेमकी हीच पद्धत आहे. नावापुढे १, २, ३ असे आकडे घालायचे. पहिली पसंती दिलीच पाहिजे, पुढच्या पसंत्या ऐच्छिक. न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेलाही असंच आहे.

मोजणी कशी चालते ते डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा मतपत्रिकांचा एक गठ्ठा. कोणाकडेच निम्म्याहून अधिक मतं नसतील तर सर्वांत छोटा गठ्ठा उघडायचा. त्यातली प्रत्येक मतपत्रिका हातात घेऊन मतदाराने '२' कुठे लिहिलंय ते पाहायचं आणि ती त्या गठ्ठ्यावर ठेवायची. '२' लिहिलाच नसेल तर ती मतपत्रिका बाजूला, तिचा प्रवास संपला. मग पुढचा सर्वांत छोटा गठ्ठा. असं करत शेवटी दोन उरेपर्यंत. यात कोणाचं मत चोरलं जात नाही, कोणाचं दोनदा मोजलं जात नाही. ज्यांची पहिली पसंती बॅरेट किंवा डोनॅटो यांना नव्हती, त्यांना फक्त पुढचा प्रश्न विचारला जातो: तुमचा माणूस बाद झाला, आता उरलेल्यांत कोण?

पुढच्या पसंत्या ऐच्छिक असलेल्या पद्धतीत पुष्कळ लोक नुसता '१' लिहून घरी जातात, आणि त्याचा फायदा साधारणपणे पुढे असलेल्याला होतो. सात-आठ टक्क्यांची आघाडी तिथे सहसा मोडत नाही. ऑरेंजमध्ये ती मोडली, याचा अर्थ एवढाच की मजूर पक्षाच्या, ग्रीन्सच्या आणि अपक्षांच्या मतदारांपैकी पुरेशा लोकांनी पेन्सिल खाली न ठेवता पुढचे आकडे लिहिले. "ठरलेली मतं" देणारी माणसं असं करत नाहीत.

आता म्हणाल, हा एकदाचा राग होता. तर २०१६ च्या आधीचं पाहा. केंद्रातल्या कॅलेअर मतदारसंघात ऑरेंज शहर येतं. हद्दी वेगळ्या असल्या तरी शहर तेच आणि शहरातली माणसंही तीच. १९८३ ते १९९६ तिथे मजूर पक्षाचे डेव्हिड सिमन्स खासदार होते. १९९६ पासून २००७ पर्यंत, चार निवडणुका जिंकून, पीटर अँड्रेन हे अपक्ष होते. स्थानिक दूरचित्रवाणीवर बातम्या वाचणारा, घराघरांत माहीत असलेला चेहरा. म्हणजे राज्यात नॅशनल्सना भरघोस मतं देणारं शहर केंद्राच्या, म्हणजे आपल्या दिल्लीच्या निवडणुकीसारख्या, निवडणुकीत सतत वेगळा विचार करत होतं. आणि १९४७ च्या आधी? ऑरेंजची विधानसभेची जागा १९४१ पासून मजूर पक्षाच्या बॉब ओहॅलोरन यांच्याकडे होती. कटलर यांनी ती त्यांच्याकडूनच जिंकली.

नंतरचंही पाहा. २०१९ मध्ये डोनॅटो मोठ्या फरकाने परत आले, आणि त्यांच्याच पक्षाने नॅशनल्सकडून बारवन आणि मरे हे आणखी दोन मतदारसंघ घेतले. बारवनमध्ये दुष्काळ होता, आणि मेनिंडीजवळ डार्लिंग नदीत लाखो मासे मरून तरंगत होते. पाणी कोणाला आणि कोणाच्या निर्णयाने, हा प्रश्न पेटलेला होता. शहरांतल्या काही विश्लेषकांनी तेव्हा लिहिलं की ग्रामीण मतदार शूटर्सच्या, म्हणजे बंदूकवाल्यांच्या मागे गेला. हाही तसाच आळशी निष्कर्ष. कारण २०२२ मध्ये या तिन्ही आमदारांनी पक्ष सोडला, आणि २०२३ मध्ये तिघंही अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. पक्ष गेला, माणसं राहिली. मत बंदुकीला असतं तर असं झालं नसतं.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

"खेड्यातल्या मताला जास्त वजन असतं." क्वीन्सलँड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात एकेकाळी हे खरं होतं. न्यू साउथ वेल्समध्ये मतदारसंघ आखताना मतदारसंख्या सरासरीच्या दहा टक्के इकडेतिकडे एवढीच चालते. म्हणूनच विरळ वस्तीचा बारवन हा एकटा मतदारसंघ अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा आहे.

"मतदान सक्तीचं, म्हणजे कोणाला तरी मत द्यावंच लागतं." राज्यात १९२८ च्या कायद्यापासून मतदान सक्तीचं आहे हे खरं, पण मत गुप्त असतं. पेटीत कोरी मतपत्रिका टाकली तरी ती कोणाची, हे कोणी शोधू शकत नाही.

"पसंत्या पक्ष वाटून घेतात." विधानसभेला मतपत्रिकेवरचा प्रत्येक आकडा मतदार स्वतःच्या हाताने लिहितो. मतदान केंद्राबाहेर पक्षाचे कार्यकर्ते वाटतात ते पत्रक ही निव्वळ शिफारस असते.

"लिबरल पार्टी म्हणजे उदारमतवादी, डावीकडे झुकलेले." उलट आहे. लिबरल आणि नॅशनल्स हे उजवीकडचे जोडीदार आहेत.

"मजूर पक्ष शहरी कामगारांचा." त्याची मुळं १८९१ च्या लोकर कातरणाऱ्यांच्या संपात आणि ब्रोकन हिलसारख्या दूरच्या खाणगावांत आहेत.

"ऑरेंज म्हणजे तिकडचं नागपूर." तिथे थंडी इतकी पडते की संत्री धड होत नाहीत. नाव फळावरून पडलेलं नाही, नेदरलँड्सच्या ऑरेंज घराण्याच्या राजपुत्रावरून पडलेलं आहे.

आता पुन्हा मूळ वाक्याकडे. अँड्र्यू गी, ज्यांच्या पासष्ट टक्क्यांवरून ऑरेंजला बालेकिल्ला म्हणत, त्यांनी २०२२ च्या अखेरीस नॅशनल्स सोडलं. आदिवासींना संसदेपुढे म्हणणं मांडण्यासाठी घटनात्मक मंडळ द्यायला पक्षाचा विरोध होता, तो त्यांना पटला नाही. २०२५ च्या केंद्रीय निवडणुकीत ते कॅलेअरमधून अपक्ष उभे राहिले आणि नॅशनल्सच्या उमेदवाराला हरवून निवडून आले. त्या निकालानंतर ऑरेंज शहराचा आमदार अपक्ष होता आणि खासदारही अपक्ष. दोघांनीही आधी पक्षाच्या तिकिटावर जागा जिंकली होती, दोघांनीही पक्ष सोडला होता, आणि दोघांनाही मतदारांनी पक्षाशिवाय पुन्हा पाठवलं.