मस्करी कुणाची, हसू कुणाचं?



विषय पाहून काही जणी म्हणतील, "बाप्पा, आता मस्करीवरही लेख लिहाचा का?" हो, लिहायचा. बैठकीत बचत, हप्ता, कर्जाचं बोलणं संपलं की घरच्या गोष्टी निघतात. त्यात ही तक्रार बऱ्याचदा येते, पण तक्रार म्हणून येत नाही. ताई हसत हसत सांगते, "आमच्या घरी लय मजाक करतात वो!" आणि पुढच्या वाक्यात तिचा आवाज बदलतो. दिरानं रबरी साप अंगावर टाकला. नणंदेनं हप्त्याचे पैसे लपवले आणि अर्धा तास शोधू दिलं. नवऱ्यानं मित्राकडून फोन करवला, "तुमच्या भावाचा जामजवळ अपघात झाला." पुतण्यानं ती घाबरल्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. ती रडली तर सगळे म्हणाले, "मजाक बी नाही समजत का तुले?"

आजचा लेख याच शेवटच्या वाक्याबद्दल आहे. मस्करी न आवडणं हा स्वभावातला दोष नाही. ती कधी गोड असते आणि कधी जाच होते, हे ओळखता येतं. कसं, ते पाहू.

जुन्या लोकांची मस्करी नियमात होती

आपल्याकडे नात्यांमध्ये थट्टा पूर्वीपासून आहे. लग्नात मेव्हणा नवरदेवाचा कान पिळतो, ती कानपिळी. साळ्या जोडे लपवतात आणि पैसे घेतल्याशिवाय देत नाहीत. दीर-भावजय, साळी-जिजा, विहिणी-विहिणी यांची थट्टा चालते. सून-सासरे यांची चालत नाही. कुणी कुणाची थट्टा करायची हे ठरलेलं असायचं.

असं फक्त आपल्याकडेच नाही. रॅडक्लिफ-ब्राऊन नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९४० मध्ये यावर लेख लिहिला. जगातल्या अनेक समाजांत काही नात्यांना थट्टेची परवानगी असते आणि ज्याची थट्टा होते त्यानं राग मानायचा नाही असा रिवाज असतो, असं त्यानं मांडलं. दोन घरं नव्यानं जोडली जातात तेव्हा मनात अवघडलेपण असतं, ते थट्टेनं हलकं होतं.

कानपिळी पुन्हा नीट पाहा. ती एकदाच होते, सगळ्यांसमोर होते. नवरदेवाला आधीच माहीत असतं. कान पिळणाऱ्याला कपडे किंवा पैसे मिळतात आणि विषय तिथंच संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी पुन्हा कान पिळायला येत नाही.

विड्याचा जावई

बीड जिल्ह्यात केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथं धुळवडीच्या दिवशी गावच्या एका जावयाला गाढवावर बसवून मिरवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात. ही प्रथा ऐंशीहून जास्त वर्षं चालत आली आहे. मिरवणूक झाली की त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देऊन मान देतात. वर्तमानपत्रांत दरवर्षी त्याचे फोटो येतात आणि आपण हसतो.

पण या बातमीत आणखी एक गोष्ट असते. धुळवड जवळ आली की जावई गाव सोडतात, लपून बसतात. गावकऱ्यांना त्यांच्यावर पहारा ठेवावा लागतो. म्हणजे अंगठी मिळणार, मान मिळणार, वर्षातून एकच दिवस आहे, हे सगळं माहीत असूनही काही जणांना ते नको वाटतं. गडी माणूस, तोही जावई, ज्याला सासुरवाडीत पहिलं ताट मिळतं, तोसुद्धा पळतो. त्याला कुणी "याले मजाक समजत नाही" असं म्हणत नाही. उलट त्याच्या पळण्याचीही गंमत होते.

आता आपल्या घरातल्या सुनेचा विचार करा. तिची मस्करी धुळवडीपुरती नसते, रोज असते. तिला आधी माहीत नसतं. नंतर अंगठी सोडा, "चुकलं" असं कुणी म्हणत नाही. आणि पळायचं तर कुठं पळणार?

म्हणून पहिला मुद्दा लक्षात ठेवा. ज्याचा घरात मान आहे त्याची मस्करी आणि ज्याचा घरात जोर नाही तिची मस्करी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवी सून, विधवा वहिनी, मूल नसलेली बाई, म्हातारी सासू, घरात राहणारी अपंग नणंद यांना उलट मस्करी करता येत नाही. जी मस्करी उलटून करता येत नाही, तिथं थांबून विचार करायला पाहिजे.

आपल्या भुलाबाईत याच्या बरोबर उलटं आहे. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली-बाळी गाणी म्हणतात आणि त्यात सासू, सासरा, दीर, नणंद सगळ्यांची टर उडवतात. ज्यांच्यापुढं एरवी बोलता येत नाही त्यांच्यावर गाण्यातून बोलून घ्यायचं. शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखायला लावायचा. यातही फसवणं आहे, हुलकावणी आहे. पण खाऊ ओळखता आला नाही म्हणून कुणी रडत नाही, आणि शेवटी तो सगळ्यांना मिळतो.

घाबरवलं की अंगात काय होतं

अचानक भेव वाटलं की छातीत धडधड होते, रक्तदाब वाढतो, हात-पाय थरथरतात, घाम फुटतो. शरीराला खरा साप आणि रबरी साप यातला फरक त्या क्षणी कळत नाही. हसणारे दोन मिनिटांत विसरतात, तिची धडधड मात्र लवकर थांबत नाही. गरोदर ताई, बीपीची गोळी घेणारी माणसं, हृदयाचा आजार असलेले, फिट येणारे, वयस्क, लहान लेकरं यांना दचकवणं धोक्याचं आहे. दचकून पडलं, चुलीवरचं पातेलं अंगावर सांडलं, विहिरीजवळ तोल गेला, तर ती मस्करी राहत नाही. बसताना मागून खुर्ची ओढण्याचंही तसंच. माणूस माकडहाडावर पडतो. मणक्याला लागलं तर निंदण-वेचणीची बाई महिनोन्महिने वाकू शकत नाही. मजुरी बुडते, हप्ताही राहतो.

सापाच्या मस्करीबद्दल खास लिहिते, कारण आपण कापूस-सोयाबीनच्या वावरात राबणारी माणसं आहोत. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिच्या चाव्याचं पुष्कळदा फारसं दुखतही नाही, सूज येत नाही. अशा वेळी "मले काही तरी चावलं" या बाईच्या एका शब्दावर घरानं विश्वास ठेवायचा असतो आणि लगेच १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यायचं असतं. ज्या घरात दर आठ दिवसांनी खोटा साप निघतो, त्या घरात खऱ्या सापाच्या वेळी कोण उठेल? "झोप वो, कुणीतरी मजाक करून राह्यलं" म्हणतील. यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

खोट्या अपघाताच्या फोनचंही तेच. एकदा फसलेली बाई दुसऱ्यांदा खरी बातमी आली तरी विश्वास ठेवत नाही. उंबऱ्यात लिंबू, हळद-कुंकू ठेवून "गंमत" करणाऱ्यांनी तर हजार वेळा विचार करावा. अशा गमतीतून करणीचा संशय उठतो, शेजारच्या एखाद्या एकट्या बाईवर बोट जातं आणि दोन घरांची बोलचाल बंद होते.

करणाऱ्याला समोरच्याच्या मनात काय चाललंय ते दिसत नसतं, हेही ध्यानात ठेवा. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रेडिओच्या दोन निवेदकांनी लंडनच्या एका दवाखान्यात खोटा फोन केला, आपण राजघराण्यातले आहोत असं भासवलं. मूळच्या भारतातल्या एका परिचारिकेनं तो फोन खरा समजून पुढं जोडून दिला. जगभर हसू झालं. तीन दिवसांनी त्या परिचारिकेनं जीव दिला. फोन करणाऱ्यांनी असं होईल असं मनातही आणलं नव्हतं. पण ज्या बाईला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, तिला हे किती लागेल ते त्यांना कसं कळणार होतं?

चार प्रश्न

मस्करी करायच्या आधी किंवा आपली झाल्यावर हे चार प्रश्न विचारा.

१. शेवटी दोघंही हसले का? एक हसतो आणि एक रडते, तर ती गंमत एकाचीच झाली.

२. "थांब" म्हटल्यावर थांबली का? थांबली तर मस्करी. "थांब" म्हटल्यावर जास्त होते, तर तो छळ.

३. हीच मस्करी ती उलट करू शकते का? सुनेनं सासऱ्याच्या अंगावर रबरी साप टाकला तर चालेल का? चालत नसेल तर सुनेच्या अंगावरही टाकू नये.

४. मस्करी कशावर आहे? रंग, जाडी, माहेरची गरिबी, हुंडा, मूल नसणं, मुलीच असणं, शिक्षण, आजार. या जागा दुखऱ्या आहेत. दुखऱ्या जागी हात लावून "गंमत केली" म्हणता येत नाही.

हे प्रश्न फक्त सासरच्या पुरुषांसाठी नाहीत. आपणही लेकराला "तुले बोऱ्यात घालून नेतील" म्हणून भेव दाखवतो, "तू आमचा नाहीस, तुले जत्रेतून आणलं" म्हणतो. लेकरू खरं मानतं आणि रात्री उठून रडतं. नव्या जावेची भाकर कशी झाली यावर सगळ्या जावा मिळून हसतो. चार प्रश्न तिथंही लावायचे.

सांगायचं कसं?

रडत सांगितलं तर "नाजूक आहे" म्हणतात, चिडून सांगितलं तर "तिखट आहे" म्हणतात. म्हणून त्या क्षणी नाही, नंतर शांतपणे, थोडक्यात सांगा. तीन गोष्टी बोला. काय झालं, मला काय झालं, पुढं काय नको. उदाहरण देते:

"भाऊजी, काल तुम्ही साप टाकला, माही छाती अजून धडधडते. बाकी गंमत करा, पण भेव दाखवू नका. मले नाही आवडत."

"नाही आवडत" एवढं कारण पुरेसं आहे. का आवडत नाही याचा हिशोब द्यावा लागत नाही. एखाद्याला कारलं आवडत नाही तर आपण त्याच्या ताटात वाढत नाही.

एकटीनं बोलणं जमत नसेल तर घरातलं ऐकणारं माणूस शोधा. नवऱ्यानं एकदा म्हटलं, "तिले नाही आवडत, करू नका," तर पुष्कळ घरांत तिथंच थांबतं. सासूबाईंनी म्हटलं तर आणखी लवकर थांबतं. गटातल्या ज्या ताया आता स्वतः सासू आहेत, त्यांच्या हातात हे सगळ्यात जास्त आहे. पाहणारे हसले नाहीत तर मस्करी करणाऱ्याचा अर्धा उत्साह जातो. तुम्ही फक्त हसू नका, तेवढीही मदत आहे.

व्हिडिओ काढला असेल तर तो आपल्यासमोर पुसायला सांगा. विचारल्याशिवाय माझा फोटो-व्हिडिओ स्टेटसला नको, हे घरात एकदा स्पष्ट सांगून ठेवा.

मस्करीच्या नावाखाली छळ असेल तर

काही घरांत "मस्करी" हा फक्त शब्द असतो, खाली दुसरंच काही असतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ चा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये हिंसाचार म्हणजे फक्त मारहाण नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. अपमान करणं, खिल्ली उडवणं, नावं ठेवणं, आणि खास करून मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, हा शाब्दिक व भावनिक छळ धरला आहे. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. त्याच घरात राहणारी आई, बहीण, मुलगी, विधवा सून यांनाही लागू आहे. आंघोळीचा किंवा कपडे बदलतानाचा फोटो-व्हिडिओ चोरून काढणं हा तर सरळ गुन्हा आहे, काढणारा घरचा असला तरी.

एका रबरी सापासाठी कुणी कोर्टात जावं असं मी म्हणत नाही. पण सांगूनही रोज होत असेल, त्यात मारणं-ढकलणं येत असेल, जेवण-झोप तुटली असेल, तर गप्प राहू नका. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तातडीच्या वेळी ११२. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मदतीसाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महिलांना वकिलाची मदत विधी सेवा समितीकडून मोफत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कुठं जायचं, कुणाला भेटायचं हे कळत नसेल तर गावच्या सीआरपी ताईला किंवा मला सांगा. बोललेलं बाहेर जाणार नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं ठेवा. प्रत्येकीनं दोन वाक्यं सांगायची: "मले आवडलेली एक गंमत" आणि "मले न आवडलेली एक गंमत". कुणी कुणाच्या सांगण्यावर हसायचं नाही, सल्लाही द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. जिला बोलायचं नाही तिनं पुढं पाठवायचं. मग वरचे चार प्रश्न लावून पाहायचे. इतिवृत्तात कुणाचं नाव लिहू नका, फक्त "मस्करीवर चर्चा झाली" एवढंच लिहा.

आणि हसणं बंद करू नका, तायांनो. उखाणे घ्या, विहिणीला चिडवा, भुलाबाईचा खाऊ ओळखायला लावा. ज्या गमतीत सगळ्या हसतात, ती घरात कितीही होऊ द्या.