लिनक्सला हार्ड डिस्क दिसत नाही, तेव्हा

'विंडोज १०'चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून सुस्थितीतील जुना संगणक लिनक्सवर चालवण्याचा विचार अनेक घरांत होत आहे. संगणक सुटे भाग आणून घरीच जुळवलेला असेल, तर बायोसची मांडणीही स्वतःलाच पाहावी लागते. खेरडीसारख्या गावातून त्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठणे सोपे नाही.

अशा वेळी हमखास भेटणारी अडचण म्हणजे लिनक्सची स्थापना सुरू होते. पण डिस्कच्या यादीत हार्ड डिस्कच नसते. डिस्क बिघडली असे समजून नवी विकत घेण्यापूर्वी कंट्रोलर तपासावा.

डिस्क आणि प्रोसेसर यांच्यातील देवाणघेवाण सांभाळणारी मदरबोर्डवरील यंत्रणा म्हणजे कंट्रोलर. बायोसमध्ये त्याचे सहसा दोन पर्याय असतात : 'एएचसीआय' आणि 'रेड'. पहिली पद्धत इंटेलने २००४ मध्ये जाहीर केली. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. इंटेलच्या काही मदरबोर्डांवर 'रेड' निवडलेले असल्यास एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड झाकली जाते आणि लिनक्सला ती दिसत नाही. अशा वेळी 'एएचसीआय' निवडणे हाच उपाय.

मात्र त्याच डिस्कवर विंडोजही ठेवायचे असेल, तर थेट बदल करू नये. विंडोज सुरू होणे बंद पडू शकते. आधी विंडोजच्या 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये 'बूट' या भागातील 'सेफ बूट' निवडावे. मग संगणक पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये 'एएचसीआय' करावे. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडले की आवश्यक ड्रायव्हर कार्यान्वित होतो. त्यानंतर 'सेफ बूट'ची खूण काढावी. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड हाताशी असावा. बिटलॉकर सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्यावी.

दोन किंवा अधिक डिस्क खरोखरच 'रेड'मध्ये जोडलेल्या असतील, तर हा बदल मुळीच करू नये. डिस्कची जोडणी तुटून त्यांवरील माहिती हाती लागणे कठीण होते. कोणताही पर्याय बदलण्याआधी घरची छायाचित्रे, हिशेब आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती तेथून उघडतात ना, हे पाहावे.