वर्गातली संचारबंदी

"संचारबंदी म्हणजे काय रे मुलांनो?" असं मी नववीच्या वर्गात विचारलं, तेव्हा निम्म्या वर्गाने एका सुरात "कोरोना!" म्हणून उत्तर दिलं. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "दंगल." दोन्ही उत्तरं बरोबरच होती. पण मला त्या दिवशी तिसरीच संचारबंदी सांगायची होती, फक्त मुलांसाठी असलेली.

मैत्रिणींनो, मी संसार सांभाळून एका शाळेत अर्धवेळ शिकवते. माझ्या वाट्याला येतं ते नागरिकशास्त्र. प्रभाग, ठराव, सर्वसाधारण सभा हे शब्द मुलं सहावीत पाठ करतात आणि सातवीत विसरतात. मुलांचं सोडा, आपल्यातल्या कितीजणींना आपला प्रभाग क्रमांक सांगता येईल? मलाही येत नव्हता. मग शिकवायचं तरी कसं?

मदतीला आली माझी डॅलसची नणंद. फोनवर मुलांच्या उशिरा येण्याच्या तक्रारी चालल्या होत्या, तर ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे तर याचा कायदाच होता!" मी उत्सुकतेने सगळं वाचून काढलं. अमेरिकेतल्या त्या डॅलस शहराच्या नगर परिषदेने १९९१ साली नियम केला, की सतरा वर्षांखालच्या मुलांनी रविवार ते गुरुवार रात्री अकरा ते सकाळी सहा बाहेर दिसायचं नाही. शुक्रवार-शनिवारी एक तासाची सवलत, म्हणजे बारापर्यंत. मोडला तर ५०० डॉलरपर्यंत दंड. आणि बरं का, जाणूनबुजून मोकळं सोडणारे आईवडील आणि मुलांना दुकानात थांबू देणारा दुकानदार, हेही दोषी.

हे सगळं फळ्यावर लिहिलं आणि वर्गाचे गट पाडले. कोणी नगर परिषदेचे सभासद, कोणी पोलीस, कोणी पालक, कोणी दुकानदार. एरवी जांभया देणारा वर्ग असा काही भांडायला लागला, की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

पालक झालेली मुलं सगळ्यात कडक निघाली. "अकरा कशाला, नऊच करा!" तेवढ्यात कधीही न बोलणारा एक मुलगा उठला. "बाई, मी पहाटे साडेचारला पेपर टाकायला जातो. मला धरणार का?" सगळे गप्प. तेव्हा मी सांगितलं, की डॅलसच्या नियमालाही अपवाद होते. आईवडील सोबत असले, कामावर जात-येत असलं, घरच्यांनी काही आणायला पाठवलं असलं, संकट असलं, तर नियम लागू नव्हता. नियम लिहिताना ज्याची आठवण राहत नाही, तो त्यात सापडतो, हे पुस्तकातून मला कधी समजावता आलं नसतं. पेपरवाल्या मुलाने एका वाक्यात समजावलं.

पुढची गोष्टही सांगितली. काही पालक आणि मुलं कोर्टात गेली. १९९२ मध्ये खालच्या कोर्टाने नियम रोखला, १९९३ मध्ये वरच्या कोर्टाने तो उचलून धरला. टेक्सास राज्यात असा नियम करणाऱ्या शहराला दर तीन वर्षांनी जाहीर सुनावणी घेऊन तो ठेवायचा, बदलायचा की काढायचा हे ठरवावं लागे. आणि शेवटी २०२३ साली राज्यानेच कायदा करून शहरांना मुलांवर अशी संचारबंदी घालायला मनाई केली. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अशा नियमांवरचे बारा अभ्यास एकत्र तपासले गेले होते. त्यांत या बंदीने गुन्हे कमी झाल्याचं काही दिसलं नाही. माझे 'पोलीस' हिरमुसले.

तास संपत आला होता. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, हा नियम मुलग्यांनाही होता?"

"हो, दोघांनाही."

"मुलग्यांनाही?" तिने पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "आमच्याकडे सातनंतर मी बाहेर नाही. दादा असतो. हे कुठल्या सभेत ठरलं?"

मुलं हसली, मुली हसल्या नाहीत. आणि मी? माझ्या घरी तरी काय वेगळं होतं? चिरंजीव पंधरा वर्षांचे, क्रिकेट आटपून नऊला उगवतात. लेक तेरा वर्षांची, तिला मी सातच्या ठोक्याला गॅलरीतून हाक मारते. हे कधी ठरलं, मला आठवत नाही. माझ्या आईने मला तशीच हाक मारली होती, एवढंच आठवतं.

पुढच्या तासाला मी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची हकिगत सांगितली. तिथे २०२२ मध्ये गावाने मिळून ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, आणि साडेआठच्या भोंग्याला पुन्हा सुरू. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे मोबाइल मोठ्यांनीही ठेवायचा होता.

"आपल्या गावात काय ठरवायला हवं?" या प्रश्नावर मात्र मुली भोंगा-बिंगा काही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, दिवे. सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी असते, पण पाण्याच्या टाकीपासून तिथपर्यंतच्या रस्त्यावर अंधार. म्हणून सातनंतर घरचे सोडत नाहीत. चौघींनी जाऊन खांब मोजले. पाच खांब, त्यातले तीन बंद. खांबावर रंगवलेले क्रमांकसुद्धा टिपून आणले.

मग मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. पहिल्या मसुद्यात 'कृपया' सात वेळा होतं, ते दोनवर आणलं. अर्ज द्यायला आम्ही सगळ्याजणी गेलो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा, त्याला पोच म्हणतात, हे मुलींना माहीत नव्हतं. खरं सांगू, रेशनकार्डाच्या वेळी हेलपाटे घालेपर्यंत मलाही नव्हतं. तीन आठवडे काही झालं नाही. पोच घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी पहिल्यांदा बसायला सांगितलं. पुढच्या सोमवारी दोन दिवे लागले. तिसऱ्या खांबाची वायरच गेलीय म्हणतात.

आता तिघीजणी आठपर्यंत अभ्यासिकेत बसतात. सभेबद्दल विचारणारी ती मात्र त्यांच्यात नाही. तिच्या आईला मी भेटून आले. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि "बघू, ह्यांना विचारते" यावर विषय थांबला. मी पुन्हा जाणार आहे.

आमच्या घरी एका रविवारी जेवणानंतर चौघांची सभा झाली. हे अध्यक्ष होते, म्हणजे पेपर वाचत होते. ठराव झाला: दोघांनाही साडेआठ. क्लास किंवा सामना असला तर आधी सांगायचं. चिरंजीव आठ दिवस फुरंगटून बसले होते. लेकीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, तीन महिन्यांनंतरच्या तारखेला लाल पेनने 'सुनावणी' असं लिहून ठेवलं आहे. ती काय मागणार आहे, ते अजून कुणाला सांगत नाही.