शर्यतीची सायकल, कामावरची सायकल

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत असलेल्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी सायकलीने कामावर येणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. दुसरे वाहन परवडत नाही म्हणून बिनगिअरची सायकल चालवणारा कामगार हा पहिला, तर दारात मोटार असूनही व्यायामासाठी किंवा वाहतूक कोंडीला कंटाळून गिअरची सायकल काढणारा नोकरदार हा दुसरा. व्यावसायिक शर्यतींतील यशापयशाचा रोजच्या सायकलप्रवासावर होणारा परिणाम या दोघांच्या बाबतीत सारखा नसतो.

2011 च्या जनगणनेनुसार देशात शेती व घरगुती उद्योग वगळता अन्य कामगारांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलीने कामावर जात असत. पहिल्या वर्गाचा निर्णय पगार आणि अंतर यांवर ठरत असल्यामुळे शर्यतीच्या जगातील जयपराजय त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. दुसऱ्या वर्गावर मात्र खेळाची छाप स्पष्ट दिसते. अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने, तर 2017 मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने पूर्ण केली. हे व्यावसायिक खेळाडू नव्हते. तरीही अशा पराक्रमांमुळे सुशिक्षित मध्यमवर्गात सायकलीला प्रतिष्ठा मिळण्यास हातभार लागला. बंगळूरमध्ये 2018 पासून चालवल्या गेलेल्या ‘सायकल टू वर्क’ उपक्रमाने तर कर्मचाऱ्यांच्या फेऱ्या मोबाइलवर नोंदवून कंपन्यांची क्रमवारी लावली आणि शर्यतीचा गुणफलकच कामाच्या वाटेवर आणला.

शर्यतींतील गैरप्रकारांचे परिणाम वेगळ्या ठिकाणी उमटतात. मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक रक्तातील तांबड्या पेशी वाढवते. त्या वाढल्या की स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो, म्हणूनच रुग्णांसाठी बनवलेले हे औषध शर्यतींत शिरले. ते आणि इतर निषिद्ध मार्ग वापरल्याबद्दल सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीची सातही विजेतेपदे ऑक्टोबर 2012 मध्ये रद्द झाली. त्याच महिन्यात राबोबँक या डच बँकेने व्यावसायिक संघाचे प्रायोजकत्व सोडण्याचे जाहीर केले. परंतु नेदरलँड्समध्ये एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक फेऱ्या त्यानंतरही सायकलीनेच होत राहिल्या, कारण त्यांचा आधार 1970 च्या दशकापासून बांधले गेलेले स्वतंत्र सायकलमार्ग हा होता. याउलट, एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यातील सायकल मागे पडली ती कोणत्याही घोटाळ्यामुळे नव्हे, तर स्कूटर-मोटारसायकली वाढल्यामुळे आणि शहर पसरल्यामुळे.

यावरून असे दिसते, की घोटाळा प्रायोजकाला पळवतो, प्रवाशाला नाही. आणि विजय सायकल विकत घ्यायला लावतो, पण ती रोज चालवणे रस्त्यावर अवलंबून असते. ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सने 2012 ची ‘टूर’ जिंकल्यानंतर सायकलीसाठी अनुकूल झालेल्या वातावरणात लंडनच्या महापौरांनी मार्च 2013 मध्ये 91 कोटी पौंडांहून मोठी सायकल योजना जाहीर केली. तेथे उत्साहाला निधीची जोड मिळाली. इकडे बंगळूरमध्ये ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्र्यालाच संपते, आणि तेथून कारखान्यांपर्यंतचे थोडे अंतर सायकलीसाठी सोयीचे आहे. त्या अंतरात सुरक्षित मार्गिका आणि सायकल ठेवण्याची जागा मिळाली, तर शर्यतीशी देणेघेणे नसलेल्या कामगारालाही त्यांचा लाभ होईल.