शेअरबाजाराच्या उंबरठ्यावर

मंडळाच्या कार्यक्रमात चहा घेताना एक प्रश्न हमखास येतो, "काय, तुमची कंपनी पब्लिक कधी?" आम्हा तिघा इंजिनियर भागीदारांना वाटे, चांगला वकील गाठला की झालं! घोडं अडलं ते हिशेबात. आमचा ऑडिटर पीसीएओबीकडे नोंदलेला नव्हता. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्यानुसार ती नोंदणी लागतेच. दोन वर्षांचं ऑडिट नव्याने करावं लागलं. पैसे गेले, वर्षही गेलं.

मग खजिना सापडला, तोही फुकट! सरकारी नियामक एसईसीच्या 'एडगर' संग्रहात पब्लिक होणाऱ्या अमेरिकन कंपन्यांचे एस-१ अर्ज कुणालाही वाचता येतात. धोके, कर्जं, मालकांचे वाटे, सगळं त्यात उघड असतं. त्याहून मोलाची एसईसीची पत्रं : अर्जात नेमकं काय खटकलं, ते त्यांतून कळतं. आमच्याच धंद्यातल्या चार कंपन्यांचे कागद आम्ही वाचून काढले. पहिल्या सहकाऱ्याला तोंडी कबूल केलेले शेअर्स तेव्हाच कागदावर आणले.

आम्ही अजून पब्लिक झालेलो नाही. पण मंडळी, घर आवरलेलं असलं की पाहुणे केव्हाही येवोत!