चिमूरची न झालेली चौकशी

दरवर्षीं १६ ऑगस्ट उजाडला कीं चिमूरच्या हुतात्म्यांचें स्मरण होतें. १९४२ सालीं नागपंचमीच्या दिवशीं तेथें गोळीबार झाला, तरुण बालाजी रायपुरकर धारातीर्थीं पडला, आणि खवळलेल्या जमावानें सरकारी अधिकाऱ्यांचे प्राण घेतले. ही कथा विदर्भांतील पुष्कळ मुलांना पाठ असते. पण त्यानंतरच्या दिवसांत त्या गांवच्या घरांतून जें घडलें, तें आमच्या माजघरांत अजूनहि दबक्या आवाजांतच निघतें. म्हणूनच त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

१९ ऑगस्टला फौज गांवांत शिरली. कर्ते पुरुष धरले गेले. घरीं उरल्या त्या बायका, मुलें आणि म्हातारीं माणसें. शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याची हकीकत नागपुरास पोंचली, तेव्हां डॉ. मुंजे चिमूरला जाऊन आले. रमाबाई तांबे, विमलाबाई देशपांडे, डॉ. वाझलवार इत्यादि नागपूरच्या भगिनींनींहि तेथें जाऊन पीडित स्त्रियांच्या तोंडूनच सर्व ऐकून घेतलें. ज्या समाजांत दुसऱ्याच्या पापाचा डाग स्त्रीच्याच कपाळीं लागतो, तेथें अशी गोष्ट उच्चारणें म्हणजे सासरचें दार आपल्याच हातानें लावून घेण्याचा धोका. तरीहि त्या बोलल्या.

मध्यप्रांत सरकारनें मात्र आरोप मानले नाहींत आणि चौकशीहि नाकारली. ‘तक्रार वेळेवर कां केली नाहीं?’ हा प्रश्न असल्या प्रसंगीं हटकून निघतो. विचारणाऱ्यानें एवढेंच पाहावें कीं, नवरा कोठडींत असतां आणि शिपाई वेशींत उभे असतां त्या बाईनें तक्रार न्यावी तरी कोणाकडे?

अशा वेळीं सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी पुढें आले. एके काळीं तांब्याच्या तारेनें ओठ शिवून मौन पाळणारा हा विलक्षण गृहस्थ आतां त्या स्त्रियांसाठीं बोलूं लागला! व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांतील आमच्या वऱ्हाडचे लोकनायक अणे यांनीं चिमूरला जावें, म्हणून ते दिल्लींत त्यांच्या दाराशीं उपोषणास बसले. पोलिसांनीं त्यांना तेथून हालविलें. मग ११ नोव्हेंबरपासून त्यांनीं पुन्हा अन्न सोडलें, तें थेट ६३ दिवस. सरकारनें चिमूरची व उपोषणाची बातमी छापण्यासच बंदी केली. त्याच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं आपला अंकच काढला नाहीं.

डॉ. खरे यांच्या मध्यस्थीनें १२ जानेवारीस उपोषण सुटलें. बातमीवरील बंदी उठली, आणि चिमूरच्या स्त्रियांची बेअब्रू करण्याचा आमचा हेतु नव्हता, अशा आशयाचा खुलासा सरकारकडून झाला. चौकशी मात्र झाली नाहीं. अधिकाऱ्यांच्या खुनांचे खटले चालले, फांशीच्या शिक्षा झाल्या. त्या रद्द व्हाव्या म्हणून अनसूयाबाई काळे यांनीं जिवापाड खटपट केली आणि त्यांत यशहि आलें. स्त्रियांच्या तक्रारीसाठीं न्यायासन मांडलेंच गेलें नाहीं.

परकीय सरकारला दोष देणें सोपें आहे. परंतु १९४७ नंतर तर आमच्या तोंडावर कोणाची बंदी नव्हती! अब्रूची भीति घालून त्या बायकांना गप्प बसविणारे पुढें आपलेच लोक होते, असें म्हणतांना आम्हांस संकोच वाटतो, पण म्हटल्यावांचून राहवत नाहीं. जपानी फौजेनें नासविलेल्या कोरियांतील किम हाक-सून या बाईंनीं १९९१ सालीं, म्हणजे युद्ध संपून सेहेचाळीस वर्षें लोटल्यावर, आपलें नांव सांगून जगापुढें साक्ष दिली. त्यानंतर इतर बायाहि पुढें आल्या, आणि १९९३ सालीं जपान सरकारला आपल्या लष्कराचा संबंध कबूल करावा लागला.

चिमूरच्या त्या स्त्रियांचीं नांवें आम्ही येथें दिलीं नाहींत, आणि दुसऱ्या कोणीं तीं शोधीत बसावें असेंहि नाहीं. मात्र येत्या नागपंचमीस घरांतील आजोबा नातवंडांना चिमूरची गोष्ट सांगूं लागतील, तेव्हां ती १६ तारखेलाच न थांबवितां १९ तारखेपर्यंत न्यावी. मुली ऐकत असल्या तरीहि.