पांढरा कावळा

गेल्या जून महिन्यांत, शाळा उघडून आठवडाही लोटला नव्हता तोंच, एके दिवशीं मधल्या सुट्टींत आवारांतील आंब्याखालीं विद्यार्थ्यांचा घोळका जमला. फांदीवर एक कावळा बसला होता आणि त्याच्या दोन्ही पंखांवर पांढरे शुभ्र पट्टे होते. शाळेच्या शिपायांनीं हा अपशकुन असल्याचें सांगितलें. नववीच्या एका विद्यार्थ्यानें, हा ‘अल्बिनो’ असून फार दुर्मिळ आहे, असें ठासून सांगितलें. तिसऱ्या एकानें, पक्षी हातीं यावा म्हणून, खिशांतून बेचकी काढली. बेचकी आम्हीं तेथल्या तेथें काढून घेतली. शकुनाचा प्रश्न बाजूस ठेवूं. परंतु त्या दुसऱ्या विद्यार्थ्याचें म्हणणें पुष्कळ जाणते लोकही करतात, आणि तें बहुधा चुकीचें असतें. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

पक्ष्यांच्या पिसांतील काळा, करडा व तपकिरी हे रंग मेलॅनिन नांवाच्या रंजकद्रव्यामुळें येतात. आनुवंशिक दोषामुळें हें द्रव्य शरीरांत मुळींच तयार झालें नाहीं, तर तें पिसांत नसतें, कातडींत नसतें आणि डोळ्यांतही नसतें. अशा पक्ष्यासच अल्बिनो म्हणावें. त्याचे डोळे आंतील रक्तामुळें तांबडे किंवा गुलाबी दिसतात. ज्याचे डोळे काळे तो पक्षी नखशिखांत पांढरा असला तरी अल्बिनो नव्हे. मेलॅनिनवांचून दृष्टीही सदोष राहते. ऊन सहन होत नाहीं व अंतराचा अंदाज चुकतो. त्यामुळें असें पिलूं घरटें सोडल्यावर क्वचितच तग धरतें. डच पक्षितज्ज्ञ हाइन व्हान ग्राउ यांनीं २००६ सालीं लिहिलेल्या लेखाचें नांवच ‘प्रत्येक पांढरा पक्षी अल्बिनो नव्हे’ अशा अर्थाचें आहे. पुढें २०१६ सालीं त्यांनीं अनिल महाबळ आदि भारतीय अभ्यासकांसह आपल्या देशांतील अशा नोंदींचा आढावा घेतला, तेव्हां त्यांच्यापुढें हाच प्रश्न होता.

मग इतर पांढरे पक्षी कोणते? कित्येकांच्या शरीरांत मेलॅनिन तयार होतें, पण त्याच्या पेशी पिसांपर्यंत पोंचत नाहींत. हाही दोष जन्मजातच. त्यांतील पांढरे डाग आयुष्यभर जेथल्या तेथें राहतात. दुसऱ्या कांहींचा पांढरेपणा आपल्या केसांप्रमाणें वयाबरोबर वाढत जातो. तिसरा प्रकार फसवा आहे: पिसांतील काळा रंग पुरता न पिकतां तपकिरी राहतो, आणि असें पीस उन्हानें लवकर विटतें. दुरून पक्षी पांढराच वाटतो; पण पंख उघडतांच, एरवीं झांकलेल्या पिसांचा तपकिरी रंग दिसतो. चवथें कारण अगदीं साधें, तें म्हणजे निकृष्ट अन्न. शहरांतल्या कावळ्यांत हें पुष्कळदां घडतें. पीस वाढत असतां योग्य पोषण मिळालें नाहीं तर त्यांत रंग भरत नाहीं. (रंगपंचमीनंतर चारआठ दिवस दिसणाऱ्या गुलाबी कबुतरांचें कारण आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या मनासच विचारावें!)

लाल व पिवळा रंग पुष्कळदां निराळ्या द्रव्यांचा असतो व मेलॅनिन गेलें तरी तो टिकतो. म्हणून पांढऱ्या लालबुड्या बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल ठिपका तसाच राहतो. पोपटाची गोष्ट याहून मौजेची. त्याच्या पिसांत हिरवें असें द्रव्यच नाहीं. पिवळें द्रव्य, आणि पिसाच्या रचनेमुळें भासणारी निळी छटा, या दोहोंच्या मिश्रणानें तो हिरवा दिसतो. त्या निळ्या छटेस मागें मेलॅनिनचा गडद पडदा लागतो. तो नाहींसा झाला कीं पोपट पांढरा न होतां पिवळाधमक होतो.

अशा पक्ष्याची जात ओळखतांना रंग विसरावा. चोंच, शेपटी, चाल, आवाज आणि सोबत पाहावी. साळुंकी पावलें टाकीत चालते, चिमणी टुणटुण उड्या मारते. रंग गेला म्हणून हें बदलत नाहीं. मात्र पांढरेपणा हाच ज्यांचा नित्याचा वेष, त्यांस विचित्र ठरवूं नये. वयांत आलेला स्वर्गीय नर्तकाचा नर पांढराच असतो, आणि कोंकणच्या किनाऱ्यावरील समुद्रबगळे कांहीं काळसर तर कांहीं पांढरे, असे दोन्ही रंगांचे असतात.

आतां आमच्या कावळ्याकडे वळूं. दुर्बिणींतून त्याचे डोळे काळेभोर दिसले. अल्बिनोचा प्रश्न तेथेंच मिटला. परंतु उरलेल्या कारणांपैकीं खरें कोणतें, हें त्या दिवशीं सांगतां येणें शक्य नव्हतें, आणि बेचकीनें पाडलेल्या कावळ्यावरून तर तें कधींच कळलें नसतें. कावळे विणीनंतर जुनीं पिसें टाकतात. नव्या पिसांत डाग तसेच राहिले तर दोष जन्मजात. वाढले तर दुसरा प्रकार. नाहींसे झाले तर दोष अन्नाचा. त्याच्या डाव्या पायाचें एक बोट तुटलेलें होतें, त्यामुळें ओळख चुकण्याची भीति नव्हती. बेचकीवाल्या विद्यार्थ्याकडेच आम्हीं वही दिली. त्यानें दर शनिवारीं पंखांचें चित्र काढलें. ऑगस्टअखेर एका पंखांत दोन काळीं पिसें आलीं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हां आंब्यावर चार कावळे बसले होते. चौघेही काळे होते, आणि त्यांतील एकाच्या डाव्या पायाला एक बोट कमी होतें.